कागदावर पाय

लेकीनं शाळेच्या चार्टसाठी मार्कर उघडला आणि त्या उग्र वासानं मला थेट ॲडम्सटाउनच्या त्या हॉलमध्ये नेलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आयर्लंडला आलेल्या आम्हा मराठी बायकांवर एक आयरिश बाई संशोधन करत होती. जमिनीवर भलामोठा कागद पसरून तिनं मधोमध ‘घर’ लिहिलं. “हा माइंड मॅप. मनात येईल ते लिहा आणि रेघेनं या शब्दाला जोडा.”

लिहिलेल्या कागदावर पाय कसा द्यायचा? आम्ही कडेला बसून हात पुरेल तिथंच लिहिलं. रेघाही अर्ध्यावरच थांबल्या. आमच्यातल्या वैशालीच्या पायाचा अंगठा चुकून लागला, तर तिनं पटकन कागदाला नमस्कार केला.

‘घर’ एकटंच उरलं. अर्धवट रेघांकडे बघत बाई हळूच म्हणाली, “किती लांब आहात गं घरापासून!” बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो.

आता वैशाली दूर वॉटरफोर्डला असते. पुण्यातलं आईचं घरही विकलं गेलं. ती बाई चुकली होती, असं आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

लेक चार्टच्या मधोमध मांडी घालून बसलीये. “आई, इट्स ओन्ली पेपर. जस्ट स्टेप ऑन इट!”

मी कडेलाच उभी आहे.