मूठ वळेपर्यंत

मला एका जागी बसवत नाही, आणि दुखण्याचं नाव कळल्याशिवाय तर मुळीच नाही. माझी बोटं दुखायला लागली तेव्हा अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बारवी धरणाकडच्या पाड्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचीही बोटं दुखतात म्हटल्यावर त्यातल्या अर्ध्या मी तिला पाठवल्या. आमच्यात असंच चालतं. एक डॉक्टरकडे जाते, दोघी औषध घेतात. दोघींचे हात आईवर गेलेले, तेव्हा दुखणंही एकच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग ताईचे सकाळचे फोन बंद झाले. आधी चहा उकळतानाच तिचा फोन यायचा, आता दुपारशिवाय नाही. विचारलं तर म्हणायची, कामं असतात. मला चैन पडेना. शेवटी एक दिवस पिशवी उचलली आणि तिच्याकडे मुक्कामालाच गेले.

पहाटे जाग आली तर ताई न्हाणीत. बादलीतल्या कढत पाण्यात मनगटापर्यंत दोन्ही हात घालून पाटावर बसलेली.

"थंडी लागते बोटांना," मला बघून ती म्हणाली. "मना काय झाला नाय. जा, नीज."

मी कसली निजतेय. तिचा हात ओढून घेतला. माझ्या बोटांच्या टोकाच्या पेरांवर वाटाण्यासारख्या टणक गाठी आहेत. तिची टोकं साफ होती. सूज होती ती बोटांच्या मुळाशी आणि मनगटावर, मऊ, आणि दोन्ही हातांना सारखी. माझे हात दुखतात ते संध्याकाळी, धुणंभांडी उरकल्यावर. सकाळी मी ठणठणीत असते. तिचं सगळं उलटं. दुपारी हातावर भाकरी थापताना तिला बघून कुणाला संशयही आला नसता. मला मात्र ती भाकरी गोड लागली नाही.

"सुनेला सांग की," मी म्हटलं.

"सांगितला का ती मना चुलीजवळ जाऊ द्याची नाय. मंग मी करू काय घरात? बसून खाऊ?"

भांडून, रुसून मी तिला उल्हासनगरला सांध्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नंबर येईपर्यंत बाहेर माझ्या येरझाऱ्या चालू होत्या. काउंटरवरची मुलगी कंटाळून म्हणाली, "आंटी, बैठ जाओ ना."

आत डॉक्टरांनी ताईला विचारलं, "सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?"

"लगेच वळते."

"खोटं बोलतेय," मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "सून उठेपरत वळते."

डॉक्टरांनी तिच्या बोटांची मुळं हलकेच दाबली तशी तिने माझा पदर घट्ट धरला. मग त्यांनी माझेही हात पाहिले. माझी ती वयाची झीज, त्रास देईल, पण तेवढंच. ताईचा मात्र आमवात वाटत होता. त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, आणि वेळेत आवरलं नाही तर बोटं वाकडी होतात ती कायमची. माझ्या गोळ्यांनी तिची नुसती कळ दबत होती. स्वतःपुरतं मला हायसं वाटलं, आणि तिच्या शेजारी बसून हायसं वाटल्याची लाजही वाटली.

रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रे आले. आमवातच होता, पण बोटं अजून वाचण्यासारखी होती. औषध सुरू झालं. ते लांबणार होतं, मधून मधून रक्त तपासावं लागणार होतं, म्हणून डॉक्टरांनी बजावलं की घरात कुणालातरी सांगून ठेवा. ताई सांगणार नाही हे मला ठाऊक होतं.

तिला पोचवायला गेले तेव्हा सून मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने सुपातून मान वर केली नाही.

"मना माहीत हाय, मावशी," ती म्हणाली. "पहाटे पाण्याचा आवाज येतो ना."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांना नको व्हता." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी आधी उठले तं आई तसेच आखडलेले हात घेऊन चुलीला लागतील. म्हून पडून राहते. आई सगल्यांना सांगतात, सून आलशी हाय. सांगू दे."