टेकडीवरचं गवत

बहात्तरच्या दुष्काळात मी रत्नागिरीला शिक्षिका म्हणून रुजू झाले. गावामागं एक बुटकी टेकडी होती. तिच्यावरून एका अंगाला दीपगृह दिसायचं, दुसऱ्या अंगाला खाडी आणि होड्यांचा धक्का. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची, समुद्राकडं पाठ करून. आमचं सोलापूर घाटापलीकडं, उगवतीला. घरमालकीण हसायची, "अगो, समुद्र ह्या बाजूला आहे!" मला काय ठाऊक नव्हतं? पण त्या अख्ख्या गावात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि एवढं पाणी बघितलं की जास्तच एकटं वाटायचं. शेवटी घरी पत्र टाकलं, मला न्यायला या.

दिवाळी सरली आणि माझे वडील, आबा, न्यायला आले. माळशिरसकडच्या माळावरचं आमचं मेंढरं राखणारं घर. आबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आईनं धडप्यात कडक भाकरी बांधून दिल्या होत्या. घरी त्या मोडताना कट् वाजायच्या. इथल्या दमट हवेनं पार सादळून वातड झाल्या. मला रडूच आलं. आबा म्हणाले, "तव्यावर टाक, हुतील नीट."

संध्याकाळी त्यांना टेकडीवर नेलं. वाटलं, इथंच म्हणतील, चल उद्या. मी दीपगृह दाखवलं, खाडी दाखवली. त्यांचं लक्षच नव्हतं. टेकडीभर गुडघ्याएवढं गवत पिवळं पडत चाललं होतं, तिकडंच ते बघत होते.

"हे कुणी खात न्हाय?"

"नाही."

"निम्मी मेंढरं गेली की गं आपली."

मला हे कुणी कळवलं नव्हतं. आबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागले. भाकरीचं धडपं खांद्यावरच होतं, त्यात बांधलं. एका मेंढीलाही ते एक वेळ पुरलं नसतं.

सकाळी स्टँडवर एसटी लागली. माझी भरलेली ट्रंक पायाशी होती. आबा आत बसले, गवताचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस की. तुला न्यायलाच आलोय."

मी गाठोड्याकडं बघितलं. मी घरी जाणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

"नको आबा. मी ऱ्हाते हितं."

 गाडी गेली.

त्या संध्याकाळी मी टेकडीवर गेले. आबांनी उपटलेली जागा उघडी पडली होती. तिथंच बसले, समुद्राकडं तोंड करून. उगवतीकडं बघवत नव्हतं.