हुंकार द्या, भाऊसाहेब

ऐकणाऱ्याने "हं" म्हटल्याशिवाय आप्पा गोष्ट एक पाऊल पुढे नेत नसत. रांजणगावला कारखाने नुकतेच उभे राहत होते. मी एका कारखान्यात स्टोअरला होतो, आप्पा गेटवर वॉचमन. त्याआधी त्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस येईपर्यंत वीस मिनिटं मिळत. तेवढ्यात ते गोष्ट सांगत, बहुतेकदा एकच. राजाच्या लेकीचं मेंढपाळावर मन बसतं, राजा त्याला हाकलून देतो, आणि ती नदीकाठी बारा वर्षं वाट बघते. रडून रडून तिची नजर जाते.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "आप्पा, बारा वर्षं म्हणजे चार हजार तीनशे ऐंशी दिवस. तिच्या जेवणाचं काय?"

सगळे हसले. आप्पा म्हणाले, "भाऊसाहेब, मोजामोजी स्टोअरमधी. हितं बाई रडतीया. तुमी नुस्ता हुंकार द्या."

त्याच वर्षी आमचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. सुनंदा, माझी बायको, बोलायला लागली की मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगे: इतके महिने थांबायचं, इतक्या गोळ्या. वाटे, धीर देतोय. ती माझ्याशी बोलेनाशी झाली आणि दौंडला माहेरी गेली. दोन महिने झाले तरी येईना. एकदा आप्पांनी विचारलं म्हणून सगळं सांगितलं. मध्ये एक शब्द न बोलता, फक्त "हं" म्हणत, त्यांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "ती सांगत हुती आन् तुमी मोजत हुता, व्हय? जावा दौंडला. त्वांड मिटून बसा."

रविवारी गेलो. सुनंदाने आधी पाणी दिलं, ताट वाढलं. मग जेवणानंतर बोलायला लागली ती दिवेलागणीपर्यंत. बाळासाठी तिने ठरवलेलं नाव मला त्या दिवशी कळलं. मी "हं" एवढंच म्हणत होतो. सकाळी तिने आपणहून पिशवी भरली.

पुढे आप्पा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. आम्ही दोघं शिरूरजवळ त्यांच्या घरी भेटायला गेलो. आप्पांच्या बायको, आजी, ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुनंदा म्हणाली, "आजी, आप्पांची ती गोष्ट मी कधी ऐकलीच नाही."

आजींनी सूप बाजूला ठेवलं आणि गोष्ट सांगितली. अगदी तीच, फक्त त्यांची राजकन्या आठच महिने वाट बघत होती.

मला राहवलं नाही. "आजी, आप्पा बारा वर्षं सांगायचे."

"त्यांला काय ठावं? दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकनात जायाचं, पावसाच्या तोंडाला यायाचं. मी हितं सासूपाशी. आठ म्हैनं." त्यांनी सूप परत पुढ्यात ओढलं. "पन दरसाली."

त्यांच्या संसाराची वर्षं मला माहीत होती. गुणाकार जिभेवर आला होता. सुनंदा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हं."