बाबांची ठेंगणी चौकट

मी आयुष्यात एकच घर स्वतःच्या हातांनी बांधलं, आणि ते माझ्या वडिलांच्या अंगावर पडता पडता राहिलं.

केनवडचं आमचं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, "चार महिने द्या फक्त." तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या घरात कशाला जायचं, म्हणून मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. बर्फाच्या देशातला एक गोरा माणूस ओंडक्यावर ओंडका रचून टुमदार घर बांधत होता. मीही निलगिरीचे ओंडके आणून शेतात रचले. (आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीवर असतो, हे ध्यानातच आलं नाही!)

बाबांनी खोलीभोवती एक चक्कर मारली. "हे घर हाय का सरण?"

दाराला चौकट हवी होती. जुन्या घराची सागवानी चौकट पडलेली दिसली, तीच ठोकली, आणि वरचे सगळे ओंडके तिच्यावर टेकवले. इथेच माती खाल्ली. ती चौकट बाबांनी नव्या घरासाठी राखली होती. आई तिच्यातूनच नवरी होऊन आत आली होती आणि तिच्यातूनच शेवटची बाहेर गेली होती. बाबांचं एकच मागणं होतं, "मलेबी तिच्यातूनच काढजो. पण आपल्या घरातून."

"काढतो ना बाबा! चार महिन्यांचा तर सवाल हाय!"

चौकट ठेंगणी, मी उंच. रोज कपाळ आपटायचं आणि आतून बाबांचा आवाज यायचा, "वाक ना बे!"

चार महिन्यांचं वर्ष झालं. मिस्त्री एक भिंत बांधायचा आणि महिनाभर गायब व्हायचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली आम्ही शिजलो. पावसाळ्यात फटींतून विंचू आले. बायको, सुनंदा, फटींत जुन्या साड्या कोंबत ओरडायची, "त्या गोऱ्याले इचारा ना, इच्चू कसे रोकते थो!" हिवाळ्यात तिच्या साड्या संपल्या आणि बाबांची छाती भरली.

डॉक्टर हळूच म्हणाले, "आता घरी न्या. फार दिवस नाहीत."

"कोणत्या घरी?" मी विचारलं. डॉक्टरांना वाटलं, मला धक्का बसलाय.

नव्या घरावर तोवर स्लॅब टाकून झाला होता. दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं, चौकटीची वाट बघत. मी पहार घेऊन शेतात धावलो. दवाखान्यातून आणलेल्या बाबांची खाट बाहेर उन्हात टाकली आणि चौकट उचकटायला लागलो.

"अबे, टेकू लाव पयले!" बाबा खाटेवरून म्हणाले.

"काई नाई होत बाबा! म्या सोता बांधलं हाय!"

"म्हणूनच सांगून राह्यलो!"

चौकट निघाली. मी ती धरून मागे सरकलो आणि माझं घर खाली बसलं! पत्रा, ओंडके, साड्या, सगळं. एक ओंडका गडगडत आला आणि खाटेच्या पायाला टेकून थांबला. बाबा खोकला येईपर्यंत हसले. "झालं तुयं घर?"

संध्याकाळी मिस्त्रीने चौकट बसवली. हळदकुंकू सुनंदाने लावलं, आणि बाबा खाटेसकट आत आले. नऊ दिवस राहिले. रोज मला दोन-तीनदा तरी म्हणाले, "वाक ना बे!"

दहाव्या दिवशी सकाळी त्यांना बाहेर काढताना डोक्याकडून मी धरलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत चाललो होतो. कपाळ खाडकन चौकटीवर आपटलं. सवयीने थांबलो. आवाजच आला नाही. मग मात्र मी हंबरडा फोडला.

"बापावर लय जीव होता पोराचा," कोणीतरी म्हणालं.

होताच. पण वर्षभर आपटूनही ज्याला साधं वाकता आलं नाही असा हा पोरगा आहे, हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार!