एस्तेरचं पान

आम्ही इलोकोसची माणसं चिकट म्हणून फिलिपिन्सभर बदनाम. माझ्यासोबतची नर्स पुरीता तर रागाचाही कण वाया घालवत नाही, नीट साठवून ठेवते.

साथीत आमच्या इंग्लंडमधल्या इस्पितळात कोविडच्या वॉर्डात कोण, तर आम्ही फिलिपिनो आणि नायजेरियन नर्सा. गोऱ्या पोरी वरच्या मजल्यावर, बिनधोक. ड्यूट्या लावायची ज्यूडिथ मेट्रन. पुरीताची मावसबहीण एस्तेर हिचा चेहरा एवढासा. मास्क गालाला बसेना, फटीतून वारा लागायचा. ज्यूडिथकडे लहान मास्क मागितला, तर म्हणे घट्ट बांध. वर शाबासकी दिली, की तुमची माणसं कुरकुर करत नाहीत. एस्तेर त्याच वॉर्डात आजारी पडली आणि तिथेच गेली.

पुरीतानं तक्रार केली. चौकशीत ज्यूडिथनं साफ सांगितलं, एस्तेर मास्क मागायला आलीच नव्हती. आमचं कोण ऐकतंय! प्रकरण मिटलं. पुरीताला भरपाई नको होती. त्या बाईनं चारचौघांत खरं बोलावं, एवढंच हवं होतं.

यंदा ज्यूडिथ निवृत्त झाली. निरोपाचा स्वयंपाक अर्थातच आमच्या गळ्यात. पुरीता आपणहून पुढे झाली. तिनं नूडल्स केल्या, रोल तळले, आणि टेबलाच्या टोकाला एक वेगळं पान मांडलं: भात, उकडलेलं अंडं, चिकट तांदळाचा गोड तुकडा. असं पान आम्ही गेलेल्या माणसासाठी वाढतो. त्याला जिवंत माणूस बोट लावत नाही.

ज्यूडिथ थेट तिथेच बसली. मी उठणार, तर पुरीतानं माझा दंड धरला.

"खाऊ दे तिला."

ज्यूडिथनं अंडं संपवलं, भातात चमचा घातला. माझ्यासाठी खास ताट केलंत, म्हणून भारी खूश.

"ते एस्तेरचं आहे," पुरीता म्हणाली. "आमच्यात मेलेल्याचं कोणी खाल्लं, तर मेलेलं माणूस त्याच्या मागोमाग घरी जातं. आज ती तुमच्याकडे येईल. मास्क मागितला होता की नाही, ते तिलाच सांगा."

ज्यूडिथचा घास तोंडातच राहिला. पाणी पिऊन तिनं तो कसाबसा गिळला.

"आली होती," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोला."

"आली होती. दोनदा आली होती."

दोनदा! हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. ज्यूडिथ खुर्ची सरकवून उठू लागली. पुरीतानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, आणि ताटात आणखी भात वाढला.