मावशींनी पालकावर पाणी सोडलं

गवंडीकाकांचा उजवा कान कामातून गेला होता आणि डावा मनाला येईल तेव्हाच ऐकत असे. छत्तीस वर्षांचा संसार उजव्या कानामुळे टिकला, असं त्यांचं मत होतं.

बायको भाजीवाली, सगळी मंडई तिला मावशी म्हणे. उन्हाळ्यात एका संध्याकाळी पालकाच्या चार जुड्या उरल्या. काकांनी त्या अंगणातल्या विटांच्या हौदात ठेवल्या. हौदाची पहिली भिंत वाकडी आली होती; पाडायला जीव होईना, म्हणून त्यांनी बाहेरून दुसरी बांधून मधल्या फटीत वाळू भरली होती.

"उद्या मान टाकेल तो," मावशी वैतागून म्हणाल्या. "पालकावर पाणी सोडा आता."

म्हणजे, नाद सोडा. काकांच्या डाव्या कानाने शब्दच तेवढे घेतले. पालक भिजला तर सडेल, हे त्यांना कळत होतं. म्हणून पाणी त्यांनी वाळूत सोडलं, वर ओलं पोतं घातलं आणि रोज दोनदा हा नेम चालवला.

चौथ्या दिवशी मावशींनी पोतं उचललं. ओल्या वाळूने हौद माठासारखा गार, आणि पालक ताठ.

"अहो, काय केलंत?"

"तूच म्हणालीस ना."

ही गोष्ट मंडईत पोचली तेव्हा बारा भाजीवाल्या पोट धरून हसल्या, आणि हसून झाल्यावर विटा मागायला आल्या. मंडईच्या कोपऱ्यात डिझेलवर चालणारी शीतखोली येणार होती. तिथे ट्रकभर मालच घेणार. पाटीवाल्यांना जागा नाही. बायकांनी तो कोपरा हौदासाठी मागितला, तेव्हा मंडईचे अध्यक्ष म्हणाले, "आठ दिवस पालक टिकवून दाखवा, कोपरा तुमचा."

काकांनी कोपऱ्यात मोठा हौद बांधला, यावेळी दोन्ही भिंती मुद्दाम. वाळू ओली राहावी म्हणून कुंभारीण ठिबकणारं मडकं घेऊन आली. सहाव्या दिवशी नळ कोरडा पडला, तेव्हा बाराजणींनी आपापल्या प्यायच्या बाटल्या वाळूत रिकाम्या केल्या आणि दुपारभर कोरड्या घशाने ओरडून भाजी विकली.

आठव्या दिवशी अध्यक्षांनी पोतं उचललं. त्यांनी एक पान मोडून तोंडात टाकलं. कर्रकन आवाज झाला. तो म्हणे काकांनाही ऐकू आला.

"कोपरा तुमचा," अध्यक्ष म्हणाले. "पण मग त्या शीतखोलीचं काय करू?"

"तिच्यावर पाणी सोडा," मावशी म्हणाल्या.

काकांनी लगेच नळी उचलली. "कुठे ठेवलीय ती?"