प्रिंटरवरच्या अक्षता

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धुळ्यातल्या आमच्या कचेरीत नवा संगणक आला. साहेबांना लगेच उद्घाटनाचे वेध लागले. प्रिंटर मात्र जुनाच होता, फितीवर सुया आपटत करकर अक्षरं उमटवणारा. संगणकातली नवी सिस्टीम त्याला ओळखच दाखवेना.

ऑपरेटर रोज सोनगीरहून एसटीने यायचा. सात वर्षं हंगामीच होता. साहेब त्याला म्हणाले, "पाहुण्यांसमोर आभारपत्र छापून दाखव. त्याच दिवशी तुला कायम करायची शिफारस वर पाठवतो."

तीन दिवस तो प्रिंटरशी झगडत होता. सिस्टीमच्या यादीत आमच्या प्रिंटरचं नाव नव्हतं आणि सोबतची फ्लॉपी बुरशीने खाल्लेली. शेवटी फाटक्या माहितीपुस्तकात त्याला सापडलं, की मागचे बारीक खटके बदलले तर हा प्रिंटर दुसऱ्या एका प्रिंटरसारखा वागतो. त्या दुसऱ्याचं नाव यादीत होतं. आदल्या संध्याकाळी आभारपत्र स्वच्छ छापून निघालं. त्याने कागद माझ्या हातात दिला.

"बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?"

बरोबरच होतं. मी कागद खणात ठेवला.

सकाळी संगणकाला हार, प्रिंटरला हळदकुंकू. साहेबांनी प्रिंटरचं झाकण काढायला लावलं.

"साहेब, पूजेपुरतं तरी झाकण राहू द्या," ऑपरेटर पुटपुटला.

"मग पूजा काय झाकणाची करायची?"

पाहुणे हसले. साहेबांनी ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठ भरून वाहिल्या. भक्तीत त्यांनी कधी कुचराई केली नाही. ऑपरेटरने बटण दाबलं. प्रिंटरचं सुयांचं डोकं दोन बोटं सरकलं, अडकलं आणि लाल दिवा लुकलुकू लागला.

"नव्या गाडीला म्हातारा बैल जुंपला का हो?" पाहुणे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने साहेब हसले, मग ऑपरेटरकडे वळले. "काल झालं म्हणत होतास ना? खोटं बोललास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कालचा कागद माझ्या खणात होता. माझ्या जळगावच्या बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. मी पाहुण्यांना पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी मी चिमट्याने प्रिंटरमधून तांदळाचे पाच दाणे काढले. तो झकास चालू लागला. साहेबांनी पहिलं पत्र मलाच छापायला सांगितलं: ऑपरेटरच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.

तो पत्र घ्यायला आला. पोच म्हणून प्रतीवर सही केली आणि मूळ कागद उजेडाकडे धरून नीट निरखला.

"छपाई चांगली शे, भाऊ," तो म्हणाला. "एक बी ओळ तिरपी नही."